एम.ए., एम.एस्सी. करावं की नको? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपत आली की माझा फोन वाजायला लागतो. मी डिचोली तालुक्यात हायर सेकंडरीला अर्थशास्त्र शिकवते. फोन करणारी बहुतेक माझीच जुनी मुलं असतात, नाहीतर त्यांचे आईवडील. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टीचर, मास्टर्स करू की नको? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगायचं तर, आधी पदाचं नाव सांग, मग पदवीचं बोलू. "काहीतरी चांगलं" हे पदाचं नाव नव्हे. वहीत लिही: हायर सेकंडरीचा शिक्षक, औषध कंपनीत संशोधन विभाग, बँकेत अधिकारी, जे असेल ते. मग त्या पदाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या जाहिराती काढ आणि "आवश्यक पात्रता" ही ओळ वाच. तिथे पदव्युत्तर पदवी मागितली असेल तर मास्टर्सला पर्याय नाही, मग प्रश्न फक्त कुठे आणि कधी एवढाच उरतो. तिथे साधी पदवी लिहिलेली असेल तर मास्टर्सने काय वाढणार हे त्या कामात असलेल्या दोन माणसांना विचारल्याशिवाय फॉर्म भरू नकोस. प्राध्यापकांना नव्हे, त्या कामात असलेल्या माणसांना. आम्ही शिक्षक शिकायलाच सांगणार, आमचं आयुष्य त्यातच गेलेलं असतं.

२. कोणत्या कामाला मास्टर्स लागतंच?

कॉलेजात सहाय्यक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के हवेत आणि वर नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्याची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा). गोव्यासाठीची सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत ५ टक्क्यांची सवलत आहे. पीएच.डी. असल्याशिवाय अर्जच करता येत नाही, असा समज अजून ऐकू येतो. २०२३ च्या जुलैपासून ती अट नाही.

हायर सेकंडरीच्या शिक्षकाला, म्हणजे ज्याला आपण ग्रेड वन म्हणतो त्याला, विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि शिवाय बी.एड. लागतं. बी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे बी.ए.नंतर चार वर्षं झाली. अनेक मुलं फक्त एम.ए.ची दोन वर्षं मोजतात आणि पुढची दोन विसरतात. हायस्कूलला मात्र पदवी आणि बी.एड. पुरतं. शिकवायची आवड आहे पण घरची ओढाताण आहे, अशा मुलांनी आधी हायस्कूलचा रस्ता धरावा आणि नोकरी लागल्यावर एम.ए. करावं (प्रश्न १० पाहा). हा रस्ता मी स्वतः अनेकांना दाखवला आहे.

कॉलेजचा ग्रंथपाल व्हायला ग्रंथालयशास्त्रातलं मास्टर्स लागतं. प्रयोगशाळांतल्या संशोधनाच्या बहुतेक जागांनाही एम.एस्सी. हवंच.

३. सरकारी जॉबची ऑर्डर येईपर्यंत घरी बसण्यापेक्षा एम.ए. केलेलं काय वाईट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलते.

कारकून, पोलीस, तलाठी यांसारख्या पदांना एम.ए. मागत नाहीत. लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेचा अभ्यास एम.ए.च्या अभ्यासापेक्षा पूर्ण वेगळा असतो. दोन्ही एकदम करायला गेलेली मुलं एम.ए.त पन्नास टक्क्यांवर अडकतात आणि परीक्षेतही मागे राहतात. पन्नास टक्क्यांचं एम.ए. पुढे नेट-सेटलाही उपयोगी पडत नाही, कारण तिथे खुल्या गटाला ५५ लागतात. एका मुलाचे दोन टक्के कमी पडले. पुढे त्याला पुन्हा दुसऱ्या विषयात एम.ए. करावं लागलं. त्याची आई मला भेटते तेव्हा अजून ते दोन टक्के बोलून दाखवते.

घरी बसायला मीही सांगत नाही. पण वाट बघायचीच असेल तर कुठेतरी काम करत वाट बघा: दुकानाचे हिशेब, हॉटेलचं रिसेप्शन, शाळेत लेक्चर बेसिसवर (तासाप्रमाणे पैसे) शिकवणं, काहीही. गोव्यात बहुतेक सरकारी पदांना वयाची अट ४५ पर्यंत असल्यामुळे "वय निघून चाललंय" ही घाई खोटी असते. या ढिलाईचा धोका उलटाच आहे. मुलं तिशी-पस्तिशीपर्यंत वाटच बघत राहतात, आणि एम.ए. हे त्या वाट बघण्याला दिलेलं चांगलं नाव होऊन बसतं.

मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न "लग्न ठरेपर्यंत" असा येतो. आईवडिलांना माझं हात जोडून सांगणं आहे, तिला विचारा. तिला विषय आवडत असेल तर शिकू द्या आणि लग्न ठरलं तरी पुरं करू द्या. आवडत नसेल तर त्या दोन वर्षांत तिला स्वतःचे पैसे कमवू द्या.

४. विद्यापीठाची फी तर खासगी संस्थांच्या मानाने काहीच नाही. मग खर्च कसला?

खर्च फीचा कमी आणि न मिळालेल्या पगाराचा जास्त. वाळपईची एक मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री करून आमच्या ओसरीवर येऊन बसली. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यू.सी. (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये १८,००० ची नोकरी हातात होती आणि एम.एस्सी.चा फॉर्मही भरलेला होता. चौकटीच्या वहीत आम्ही दोघींनी मांडलं. दोन वर्षांचा न मिळणारा पगार ४,३२,०००. फी, बस, जेवण, प्रोजेक्टचा खर्च मिळून अंदाजे ८०,०००. एकूण ५,१२,०००.

मग तिने चौकशी करून आणलेले पगार मांडले. दोन वर्षांनी तिची बी.एस्सी. मैत्रीण त्याच लॅबमध्ये २१,००० वर असणार होती. एम.एस्सी. होऊन हीसुद्धा क्यू.सी.तच गेली तर सुरुवात २४,००० ची. म्हणजे महिन्याला ३,००० चा फरक. त्या हिशेबाने घातलेले पैसे भरून यायला १४ वर्षं लागली असती. पण संशोधन विभागात ३०,००० वर लागली तर फरक ९,००० चा, आणि पाच वर्षांच्या आत भरपाई. पदवी तीच आणि खर्चही तोच, फक्त विभाग वेगळा.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. शेवटी तिने नोकरी धरली. आत जाऊन एम.एस्सी. झालेली माणसं कुठल्या टेबलावर बसतात, काय काम करतात हे वर्षभर पाहिलं आणि पुढच्या वर्षी जीयू-आर्ट ही विद्यापीठाची प्रवेश चाचणी दिली. या वर्षभराची एक किंमत तिला मोजावी लागली. फिजिकल केमिस्ट्री विसरायला झाली होती आणि रात्रपाळी करून ती पुन्हा वाचताना जीव मेटाकुटीला आला. तुम्हीही थांबणार असाल तर पुस्तकं रद्दीत देऊ नका.

एक खर्च मात्र वहीत मांडता आला नाही, तो प्रवासाचा. वाळपईहून ताळगाव पठारावर विद्यापीठात रोज यायचं म्हणजे उजाडता घर सोडायचं, पणजीला कदंबा बस बदलायची आणि दिवेलागणीला परतायचं. प्रॅक्टिकल असलेल्या विषयाला सत्तरी, पेडणे, काणकोणच्या मुलांनी आधी हॉस्टेलची जागा बघावी आणि मग विषय ठरवावा.

५. कर्ज काढू का?

एम.ए., एम.कॉम.साठी गोव्यातच राहणार असाल तर सहसा गरज पडत नाही. मोठ्या फीच्या कोर्ससाठी काढायचं असेल तर पहिली चौकशी पणजीला गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये करा. गोव्याच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. बँकेत जाण्याआधी अटी तिथे जाऊन वाचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार लागत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्क्यांची सूट आहे. आपली संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाची फी भरण्याआधी बघायचं.

बँकेचं कर्ज १० लाखांचं, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं धरली तर हप्ता साधारण १३,५०० चा पडतो आणि एकूण सोळा लाखांवर भरले जातात. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळं. माझा नियम असा: पहिल्या पगाराचा तिसरा हिस्सा हप्त्याला पुरत असेल तरच सही करावी. आयकरात शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षं वजा होतं, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

आमच्या भागात २०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते भरताना घरं कशी खंगली ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून "बघू पुढे, फिटेल" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते.

६. एम.बी.ए.चं काय?

पदवी संपल्या संपल्या नको. दोन वर्षं काम करा, मग कॅट किंवा तशी परीक्षा द्या. कामाचा अनुभव असेल तर वर्गात शिकवलेलं कळतं, आणि नोकरी देणाराही त्या अनुभवाचे पैसे देतो. आपल्याकडे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था आधी रायबंदरला होती, आता साखळीजवळ आहे. आमच्या मुलांना ती घराशेजारी वाटते, पण प्रवेश देशभरच्या स्पर्धेतून होतो आणि फीही त्याच तोलाची असते. गोवा विद्यापीठाचं एम.बी.ए. त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. नाव न ऐकलेल्या संस्थेला पाच-सात लाख देण्याआधी तिथल्या मागच्या वर्षीच्या दहा मुलांना फोन करा आणि आज ती कुठे आहेत ते विचारा. संस्था फोन नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर तेच उत्तर समजा.

७. इंजिनिअरिंग झालं, आता एम.टेक.?

गेट (एम.टेक.ची देशपातळीवरची परीक्षा) देऊन सरकारी संस्थेत गेलात तर दरमहा १२,४०० विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरावर भार कमी. फर्मागुडीला आय.आय.टी. आणि कुंकळ्ळीला एन.आय.टी. आहे, म्हणजे लांब जायलाच हवं असंही नाही. एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. काही सार्वजनिक कंपन्या गेटचे गुण बघून बी.ई. झालेल्यांनाच थेट घेतात. तेव्हा गेटचा अभ्यास करायचाच असेल तर दोन्हीकडे अर्ज करा.

८. मराठीत एम.ए. करून गोव्यात काय मिळणार?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज थोडा खाली येतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

खरं चित्र असं आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा राहिली. सरकारी पदांच्या जाहिरातीत मात्र कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं. म्हणून मराठीत एम.ए. करणाऱ्याने घरी कोकणी बोलतो यावर न थांबता ती लिहायचीही सवय करावी.

जागा कुठल्या? हायर सेकंडरी आणि कॉलेजात मराठीचे शिक्षक लागतात, पण थोडे. एका कॉलेजात मराठी विभागात दोन-तीन माणसं असतात, ती निवृत्त होईपर्यंत जागा निघत नाही. तोवर लेक्चर बेसिसवर काढावं लागतं, सुट्टीचे पगार नसतात आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. दुसरी जागा वर्तमानपत्रं. एवढ्याशा गोव्यात गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत, पुढारी अशी मराठी दैनिकं निघतात, आणि शुद्ध, नेटकं मराठी लिहिणारी मुलं त्यांना हवी असतात. पगार भरघोस नसतो. भाषांतर, निवेदन, सरकारी आणि खासगी जाहिरातींचा मजकूर ही कामं वाढत आहेत, पण ती पदवी बघून मिळत नाहीत, हातचं काम बघून मिळतात.

तेव्हा मराठीत एम.ए. करा, पण सोबत दुसरं काही धरा: बी.एड., भाषांतराचा सराव, नाहीतर दैनिकात अर्धवेळ काम. आणि पहिल्या सत्रापासून नेटची तयारी करा, एम.ए. संपल्यावर नव्हे. आवड असलेल्या मुलाला मी कधीच परत पाठवलेलं नाही. फक्त वर्ग, नोकरी आणि पगार यांचं खरं चित्र त्याच्यासमोर ठेवलं आहे.

९. आता चार वर्षांची पदवी आली. चौथं वर्ष करू की तीन करून मास्टर्सला जाऊ?

गोव्याच्या कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३ पासून प्रवेश सुरू झाले. तीन वर्षं करून बाहेर पडलात तर मास्टर्स दोन वर्षांचं, चार करून गेलात तर एका वर्षाचं. एकूण पाचच. फरक असा की चौथं वर्ष घराजवळच्या कॉलेजात होऊ शकतं, हॉस्टेलचा एक वर्षाचा खर्च वाचतो. मात्र तुमच्या कॉलेजात तुमच्या विषयाचं चौथं वर्ष आहे का, हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा.

अडचणीचे दोन मुद्दे. चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला आणि नेटमधून जे.आर.एफ.लाही (संशोधनाच्या शिष्यवृत्तीला) बसता येतं, पण त्या बळावर सहाय्यक प्राध्यापक होता येत नाही. त्यासाठी मास्टर्स लागतंच (प्रश्न २).

१०. नोकरी करत दूरस्थ पद्धतीने केलं तर चालतं का?

चालतं. यू.जी.सी.ने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्यता दिलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे २०२२ मध्ये स्पष्ट झालं आहे. फक्त मान्यता त्या वर्षासाठी आणि त्या कोर्ससाठी आहे का ते यू.जी.सी.च्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा, केंद्रावरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. इंजिनिअरिंग, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट असे काही विषय दूरस्थ पद्धतीने चालत नाहीत. हॉटेलात काम करणारी आमची बरीच मुलं या शेवटच्या विषयात फसतात. प्रयोगशाळेचे विषय दूरस्थ करू नयेत असं माझं मत आहे. हाताला सवय लागत नाही, आणि मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ते कळतं.

११. पुण्याला जाऊ की गोव्यातच करू?

विषयावर अवलंबून. समुद्राशी संबंधित काही करायचं असेल तर गोवा सोडून जाणं मला तरी पटत नाही. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि विद्यापीठात मरीन बायोटेक्नॉलॉजीसारखे विषय आहेत. बाहेरची मुलं त्यासाठी इथे येतात. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य या विषयांत पुण्या-मुंबईला संस्था आणि कामाच्या संधी जास्त. फक्त खोली, मेस, बस असं सगळं धरून प्रश्न ४ प्रमाणे हिशेब मांडा, आणि महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागा गोव्याच्या मुलांना नसतात हे विसरू नका.

१२. परदेशी मास्टर्स? एजंट म्हणतो सगळं होतं.

ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुतेक एका वर्षाचं असतं, म्हणून वेळ वाचतो पण फी एकदम भरावी लागते. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याचे पैसे आधीच खास खात्यात दाखवावे लागतात, आणि ही रक्कम अकरा हजार युरोंच्या वर आहे.

एजंटाबद्दल सांगते. माझ्या भाच्याला एका एजंटाने एक विद्यापीठ सुचवलं. आम्ही खूश झालो, कारण सल्ल्याचे पैसे त्याने मागितलेच नाहीत. प्रवेश देणारं विद्यापीठच त्याला दलाली देत होतं, आणि त्याच्या यादीत दलाली देणारीच विद्यापीठं होती, हे कळेपर्यंत ठेव भरून झाली होती. फुकट सल्ल्याचे पैसे कोण देतं, हा पहिला प्रश्न विचारा.

१३. वडिलांमुळे मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो. त्याने फी वाचेल का?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना हा मार्ग असतो. पासपोर्ट असेल तर युरोपियन युनियनच्या देशांत फी तिथल्या नागरिकांइतकी पडते आणि नोकरीलाही व्हिसा लागत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ब्रेक्झिटनंतर तो फायदा राहिला नाही. २०२१ पासून तिथे नव्याने शिकायला येणाऱ्या युरोपियनांना सर्वसाधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांचीच फी पडते.

त्याची किंमत मोठी आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा भारतीय नागरिकत्व जातं. मतदान जातं, इथल्या सरकारी नोकरीचा रस्ता बंद होतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशीही बोला. केवळ दोन वर्षांच्या फीसाठी हा निर्णय घेऊ नये, एवढं माझं ठाम मत आहे.

१४. एक वर्ष झालं, मन लागत नाही. सोडलं तर वर्ष फुकट?

नव्या रचनेत दोन वर्षांच्या मास्टर्समधून पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, तेव्हा वर्ष कागदावर तरी फुकट जात नाही. तुमच्या विभागात ती सोय कशी लागू आहे ते कार्यालयात लेखी विचारा. सोडण्याआधी एवढं तपासा: विषय नकोसा झाला आहे की एखादा पेपर, गाईड किंवा रोजचा प्रवास? पेपर संपतो, प्रवासाला हॉस्टेल आहे. विषयच नकोसा असेल तर घातलेल्या एका वर्षासाठी दुसरं घालू नका.

१५. माझं वय ४१, मुलं मोठी झाली. आता एम.ए. करण्यात काही अर्थ आहे का?

साखळीहून एका ताईंनी विचारलेला हा प्रश्न, आणि नंतर तसाच आणखी काहींनी विचारला. नियम सांगते. प्रवेशाला वयाची अट नाही. नेट देऊन सहाय्यक प्राध्यापक व्हायलाही नेटला वयाची मर्यादा नाही, जे.आर.एफ.ला आहे, खुल्या गटात ३० वर्षं. सरकारी जागांना मात्र बहुतेक ४५ ची अट आहे, म्हणजे एम.ए.ची दोन वर्षं गेल्यावर हातात दोनच उरतात. केवळ नोकरीसाठी असेल तर मी नको म्हणेन.

त्या ताईंना नोकरी नको होती. लग्नाआधी अर्धवट सोडलेली संतसाहित्याची वही त्यांनी पिशवीतून काढून दाखवली, पानं पिवळी पडलेली, मध्ये एका ओळीखाली लाल शाईची रेघ. त्यांना मी दूरस्थ शिक्षणाचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगितलं (प्रश्न १०), आणि दुकानाच्या वेळा सांभाळून रोज पहाटे दीड तास वाचायचं वेळापत्रक आम्ही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं.